सातची वाट पाहणारे: क्रॅप्समध्ये शूटरविरुद्ध पैसे कसे लावायचे

सप्टेंबर 1980. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत विल्यम ली बर्गस्ट्रॉम नावाचा माणूस दोन सुटकेस घेऊन आला. एकीत 7,77,000 डॉलर रोख, दुसरी रिकामी. सगळी रक्कम त्याने क्रॅप्सच्या, म्हणजे दोन फाशांच्या जुगाराच्या, टेबलावर एकाच पैजेत लावली, आणि तीही फासे टाकणाऱ्या बाईच्या विरुद्ध. तिचं पहिलं दान पडलं 6, दुसरं 9, तिसरं 7. तीन फेकींत निकाल लागला. बर्गस्ट्रॉमने रिकामी सुटकेस भरून घेतली आणि तो निघून गेला. चार वर्षांनी त्याच कॅसिनोत त्याने एका डावात दहा लाख डॉलर घालवले, हेही आताच सांगून टाकतो, म्हणजे उलट्या बाजूला उभं राहिलं की पैसा आपोआप येतो असा समज कुणी करून घेणार नाही.

त्याने ज्या पट्टीवर पैसे ठेवले तिचं नाव 'डोन्ट पास'. क्रॅप्सच्या टेबलाभोवती दहाजण उभे असतील तर साधारण नऊजण शूटरच्या, म्हणजे फासे टाकणाऱ्याच्या, बाजूने असतात, ओरडतात, टाळ्या देतात. दहावा कोपऱ्यात गप्प उभा राहून सात पडायची वाट पाहतो. त्या दहाव्याच्या जागी पहिल्यांदा उभं राहणाऱ्यासाठी हा लेख आहे.

आधी छत्तीस मोजून घ्या

दोन फासे, प्रत्येकाला सहा बाजू, म्हणजे दानं छत्तीस प्रकारची. त्यात 7 ही बेरीज सहा प्रकारांनी येते, इतर कुठल्याही बेरजेपेक्षा जास्त. 6 आणि 8 प्रत्येकी पाच प्रकारांनी, 5 आणि 9 चार, 4 आणि 10 तीन, 3 आणि 11 दोन, तर 2 आणि 12 एकेकाच प्रकाराने. एवढं तोंडपाठ असलं की या लेखातलं सगळं गणित तुम्ही टेबलाशी उभ्या उभ्या करू शकाल. कापडावर छापलेल्या चौकोनांची गर्दी पाहून दबून जाऊ नका. त्यातल्या बहुतेकांकडे आपल्याला फिरकायचंही नाही.

खेळाचा सांगाडा असा. जो फासे टाकतो तो शूटर. नव्या डावाची त्याची पहिली फेक म्हणजे 'कम-आउट'. कम-आउटला 7 किंवा 11 पडले तर शूटरची बाजू, म्हणजे 'पास लाइन', लगेच जिंकते. 2, 3 किंवा 12 पडले तर लगेच हरते. 4, 5, 6, 8, 9 किंवा 10 पडले तर तो आकडा 'पॉइंट' ठरतो. मग शूटर फासे टाकतच राहतो आणि दोनच आकड्यांना अर्थ उरतो: पॉइंट पुन्हा आधी आला तर पास लाइन जिंकते, 7 आधी आला तर हरते आणि फासे पुढच्या माणसाकडे जातात. याला 'सेव्हन-आउट' म्हणतात. शूटरची साडेसाती म्हणा हवं तर.

डोन्ट पास म्हणजे हेच सगळं उलटं, एक अपवाद सोडून. कम-आउटला 7 किंवा 11 आले तर तुम्ही हरता, 2 किंवा 3 आले तर जिंकता. 12 आले तर मात्र जिंकत नाही आणि हरतही नाही; पैज जागच्या जागी राहते. पॉइंट ठरल्यावर 7 आधी आला तर तुमची जीत, पॉइंट आधी आला तर हार. जिंकल्यावर लावलेल्या रकमेएवढीच रक्कम वर मिळते.

हा बाराचा अपवाद नसता तर शूटरविरुद्ध खेळणारा दर शंभर डॉलरमागे सरासरी 1 डॉलर 41 सेंट कमावत राहिला असता आणि कॅसिनोला टाळं लागलं असतं. छत्तिसातलं ते एक दान काढून घेतलं आणि पारडं पुन्हा कॅसिनोकडे झुकलं. त्या पट्टीवर 'डोन्ट पास बार' या शब्दांशेजारी सहा-सहाचे दोन फासे छापलेले दिसतात ते यासाठीच.

जाता जाता थोडा इतिहास. हा खेळ 'हॅझर्ड' या जुन्या इंग्रजी खेळातून आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नार्ड द मॅरिन्यी या जमीनदाराने न्यू ऑर्लिन्समध्ये तो रुजवला. त्याने तिथल्या एका रस्त्याला चक्क क्रॅप्सचं नाव दिलं होतं. तेव्हा विरुद्ध बाजूला पैसे लावायची सोयच नव्हती, त्यामुळे खोटे फासे वापरणाऱ्यांचं फावत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फासे बनवणाऱ्या जॉन विन याने दोन्ही बाजूंना पैज घेण्याची पद्धत आणली. म्हणजे डोन्ट पास जन्माला आला तो लबाडीला आळा घालायला. आज त्याच पट्टीवर उभ्या राहणाऱ्याला 'राँग बेटर' म्हणतात, ही गंमतच.

टेबल निवडताना

अमेरिकेतल्या कॅसिनोत खेळायला सर्वसाधारणपणे 21 वर्षं पूर्ण लागतात. नेवाडा आणि न्यू जर्सीत तर नक्कीच. टेबलाच्या आतल्या कडेला एक पाटी असते. तिच्यावर तीन गोष्टी वाचा: कमीत कमी पैज किती, जास्तीत जास्त किती, आणि ऑड्स किती पट. तिसरीचा उलगडा पुढे होईल. मग डोन्ट पासच्या पट्टीवर कोणतं दान वगळलंय ते बघा. 12 असेल तर ठीक. काही ठिकाणी 2 वगळलेला असतो. 2 सुद्धा एकाच प्रकाराने येतो, त्यामुळे फरक शून्य. पण 3 वगळलेला दिसला तर तिथून सरळ चालते व्हा. 3 दोन प्रकारांनी येतो, आणि तेवढ्याने कॅसिनोचा हिस्सा चार टक्क्यांच्या वर जातो. 'क्रॅपलेस' नावाचं टेबल असेल तर तिथे सहसा डोन्ट पास नसतोच, तेव्हा प्रश्नच मिटला.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एक सुचवीन. बऱ्याच कॅसिनोंत काचेच्या घुमटात फासे उडवणारं यंत्र असतं आणि भोवती बसायला खुर्च्या. कमीत कमी पैज कमी, कुणी डोळे वटारून बघत नाही, आणि चुकीची कळ दाबायला गेलात तर यंत्र मुकाट्याने नाकारतं. अर्धा तास तिथे बसा, मग मोठ्या टेबलाकडे या.

मोठ्या टेबलाशी कॅसिनोची चार माणसं असतात. लांब काठीने फासे सरकवणारा तो स्टिकमन, दोन्ही टोकांना एकेक डीलर, आणि मधोमध बसून सगळ्यांवर नजर ठेवणारा बॉक्समन. तुमचा संबंध तुमच्या टोकाच्या डीलरशी. नोटा त्याच्या हातात द्यायच्या नसतात. फासे मध्यभागी स्टिकमनपाशी असताना नोटा कापडावर ठेवा आणि 'चेंज' म्हणा. तो चिप मोजून तुमच्याकडे सरकवेल, त्या कडेच्या खोबणीत लावून ठेवा.

पैज ठेवायची वेळ

टेबलावर एक गोल चकती असते. काळ्या बाजूवर 'ऑफ' लिहिलेलं दिसलं तर पॉइंट ठरलेला नाही, पुढची फेक कम-आउट आहे. पांढऱ्या बाजूवर 'ऑन' असेल आणि चकती एखाद्या आकड्यावर ठेवलेली असेल तर डाव मध्यावर आहे. डोन्ट पासवर पैसे ठेवायचे ते चकती 'ऑफ' असतानाच. पास लाइन ही टेबलाच्या कडेला फिरणारी रुंद पट्टी, आणि तिच्या आतल्या बाजूची अरुंद पट्टी म्हणजे डोन्ट पास. तिथे चिप स्वतःच्या हाताने ठेवायची, डीलरला सांगायचीही गरज नाही. फासे शूटरच्या हातात गेले की हात टेबलाबाहेर. उडता फासा तुमच्या बोटाला लागला आणि त्या फेकीला 7 पडला तर सगळं टेबल तुमच्याकडे कसं बघेल ते वेगळं सांगायला नको.

कम-आउट: इथे तुम्ही मागे असता

इथपासूनचा भाग जरा सावकाश वाचा, कारण शूटरविरुद्ध खेळण्याचं सगळं मर्म यात आहे.

डोन्ट पास ही दिसायला एक पैज असली तरी तिचे दोन भाग आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी उलटा. पहिला भाग कम-आउटचा. छत्तिसातली आठ दानं तुम्हाला हरवतात (7 ची सहा, 11 ची दोन), तीन जिंकवतात (2 चं एक, 3 ची दोन), एक बरोबरीत सुटतं. म्हणजे कम-आउटला तुमची बाजू चांगलीच लंगडी. उरलेल्या चोवीस दानांत पॉइंट ठरतो आणि तुम्ही दुसऱ्या भागात शिरता. तिथे चित्र पालटतं, कारण आता सात तुमचा आणि साताइतका वरचेवर येणारा दुसरा आकडाच नाही. पॉइंट 4 किंवा 10 असेल तर 7 आधी येण्याची शक्यता नवातून सहा. 5 किंवा 9 असेल तर दहातून सहा. 6 किंवा 8 असेल तर अकरातून सहा.

आता डॉलरमध्ये मांडू. समजा छत्तीस कम-आउट झाले, प्रत्येक दान एकेकदा पडलं आणि दर वेळी तुमचे 10 डॉलर डोन्ट पासवर होते. कम-आउटलाच आठ वेळा हरलात, तीन वेळा जिंकलात: 50 डॉलरचा खड्डा. पॉइंट 4 किंवा 10 सहा वेळा ठरला, त्यातून सरासरी 20 डॉलर सुटले. 5 किंवा 9 आठ वेळा, त्यातून 16 डॉलर. 6 किंवा 8 दहा वेळा, त्यातून 9 डॉलर 9 सेंट. बेरीज 45 डॉलर 9 सेंट. पन्नास गेले, पंचेचाळीस आले. 360 डॉलर लावून कॅसिनोकडे राहिले 4 डॉलर 91 सेंट, म्हणजे 1.36 टक्के. पास लाइनचा हाच आकडा 1.41 टक्के आहे.

दोन्हींतला फरक शंभर डॉलरमागे पाच सेंटचा. कुणी तुम्हाला 'उलट्या बाजूने खेळलं की कॅसिनोला हरवता येतं' असं सांगत असेल तर हे पाच सेंट त्याच्या हातावर ठेवा. डोन्ट पास निवडायचा तो स्वभावासाठी: कम-आउटचे धक्के सोसून पुढे बहुतेक वेळ आपलं पारडं जड आहे हे माहीत असलेला संथ खेळ ज्याला मानवतो त्याच्यासाठी.

कम-आउटला ओळीने तीन-चार वेळा 7 पडला की नवखा बिथरतो आणि पुढच्या वेळी 'एनी सेव्हन' नावाच्या चौकोनावर दोन डॉलर टाकून विमा काढायला बघतो. त्या चौकोनाचा हाउस एज, म्हणजे कॅसिनोचा हिस्सा, 16.67 टक्के आहे. दीड टक्क्याचं भोक बुजवायला साडेसोळा टक्क्यांचं ठिगळ कोण लावतं?

पॉइंट ठरला: हात लावू नका

डोन्ट पासची पैज पॉइंट ठरल्यानंतर केव्हाही उचलता येते. पास लाइनची उचलता येत नाही. कॅसिनोने ही सवलत औदार्यापोटी दिलेली नाही. पॉइंट ठरल्यावर डोन्ट पासवाला पुढे असतो, म्हणून त्याने पैसे उचलले तर कॅसिनोला ते हवंच असतं. आणि नेमक्या त्याच कारणाने या टप्प्यावर तुम्हाला पैज वाढवू देत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी मी हाच मूर्खपणा केला. पॉइंट 6 ठरला, शूटरचा हात 'गरम' आहे असं सगळे म्हणत होते, आणि मी घाबरून डीलरला माझी पैज परत मागितली. त्याने ज्या तत्परतेने चिप माझ्यापुढे सरकवल्या त्यावरूनच मला कळायला हवं होतं. पैसे परत द्यायला कॅसिनो एवढा उत्सुक असला तर आपण काहीतरी गमावतोय हे ओळखावं.

किती गमावतोय तेही मोजता येतं. दर वेळी 6 किंवा 8 चा पॉइंट ठरला की पैज उचलायची अशी सवय लावून घेतली तर वरच्या हिशेबातले 9 डॉलर 9 सेंट जातात, तोटा 4 डॉलर 91 सेंटवरून 14 डॉलरवर पोचतो आणि हाउस एज जवळजवळ चार टक्के होतो. कम-आउटचा मार आधीच खाल्लाय. आता वसुलीच्या वेळी दुकान बंद करू नका.

ऑड्स: कॅसिनोचा हिस्सा नसलेली पैज

पॉइंट ठरल्यावर मूळ पैज वाढवता येत नसली तरी तिच्या जोडीला 'ऑड्स' लावता येतात. शूटरविरुद्ध खेळताना याला 'ऑड्स ले करणं' म्हणतात. हिचा भाव शक्यतेला तंतोतंत धरून असतो, त्यामुळे हाउस एज शून्य. अख्ख्या कॅसिनोत अशी पैज शोधून सापडायची नाही.

तुम्ही आता वरचढ असल्यामुळे इथे जास्त लावून कमी मिळतं. 10 डॉलर जिंकायचे असतील तर 4 किंवा 10 वर 20 डॉलर लावायचे, 5 किंवा 9 वर 15, 6 किंवा 8 वर 12. वीस, पंधरा, बारा; हे तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे. रक्कम मोठी असेल तर त्याच पटीत वाढवा. 6 च्या पॉइंटवर बारा सोडून दहाच लावले तर हिशेब 8 डॉलर 33 सेंट होतो, आणि वरची चिल्लर कॅसिनो देत नाही. शून्य टक्क्याच्या पैजेवर अशा रीतीने स्वतःहून टक्केवारी लावून घेऊ नका.

चिप मूळ पैजेच्या शेजारी ठेवा आणि डीलरला 'लेइंग ऑड्स' एवढं म्हणा. तो त्या नीट तिरप्या करून ठेवेल, म्हणजे मूळ पैज कोणती आणि ऑड्स कोणते ते दिसतं. मर्यादा पाटीवर असते. 'तीन-चार-पाच पट' ही सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत. तिच्यात शूटरविरुद्ध खेळणाऱ्याला कुठल्याही पॉइंटवर मूळ पैजेच्या सहापट लावता येतात.

ऑड्सबद्दल एक गैरसमज जाणकारांतही आढळतो. पूर्ण सहापट ऑड्स लावले तर एकूण रकमेवरचा हाउस एज 0.27 टक्क्यावर येतो, हे खरं. पण तो खाली येतो कारण भागाकारात खालचा आकडा फुगतो. तुमचा डॉलरमधला सरासरी तोटा तेवढाच राहतो, मूळ दहा डॉलरवरचे साडेतेरा सेंट. वाढते ती वरखाली. पॉइंट 4 आहे, मूळ 10 आणि ऑड्सचे 60 लागलेत आणि शूटरने दुसऱ्याच फेकीला 4 टाकला, तर सत्तर डॉलर एका झटक्यात गेले. जिंकला असतात तर चाळीसच मिळाले असते. म्हणून पहिले काही तास मूळ पैज कमीत कमी ठेवा आणि ऑड्स एकपट. पचलं तर मग पुढे वाढवा.

डोन्ट कम, आणि बाकी चौकोन

डाव मध्यावर असताना आलात तर डोन्ट पास बंद असतो, पण 'डोन्ट कम' उघडा असतो. नियम हुबेहूब तेच, फक्त तुमच्यापुरती पुढची फेक म्हणजे कम-आउट. त्या फेकीला जो आकडा पडेल त्याच्या मागच्या चौकोनात डीलर तुमची चिप सरकवतो आणि तिथे ती साताची वाट पाहत बसते. एका वेळी दोन-तीन आकड्यांवर अशा चिप साठवता येतात आणि सेव्हन-आउट झाला की सगळ्या एकदम पिकतात. मोह होतो. पण प्रत्येक नवी डोन्ट कम टाकताना तिच्या पहिल्या फेकीला सात नको असतो आणि आधीच्या सगळ्यांना तोच हवा असतो, हे विसरू नका. सुरुवातीला एक डोन्ट पास आणि एक डोन्ट कम यापुढे जाऊ नये असं माझं मत.

'ले' नावाची पैज कम-आउट टाळून थेट एखाद्या आकड्याविरुद्ध लावता येते, पण जिंकायच्या रकमेवर पाच टक्के कमिशन पडतं. कमिशन आधीच घेतलं तर 4 आणि 10 वर हाउस एज 2.44 टक्के बसतो, 5 आणि 9 वर 3.23, 6 आणि 8 वर 4. पास आणि डोन्ट पास दोन्हींवर सारखे पैसे ठेवून 'सुरक्षित' खेळणारेही भेटतील. त्यांचं फक्त बारा आले की जातं, छत्तिसात एकदा, आणि हिशेब केला तर तोटा दोन्ही पैजांच्या बेरजेएवढाच निघतो. स्टिकमनपुढच्या मधल्या चौकोनांबद्दल बोलायची गरज नाही. 12 वर लावा, तीसपट मिळतील, असं ओरडलेलं ऐकू येईल. खरा भाव पस्तीसपट आहे.

चारचौघांत कसं वागायचं

सगळे शूटरसाठी देव पाण्यात घालून बसलेत आणि तुम्ही एकटेच त्याच्या विरुद्ध. सात पडला की नवांचे चेहरे पडतात आणि डीलर तुमच्यापुढे चिप ठेवतो. तेव्हा पांढऱ्या पायाचा माणूस म्हणून तुमच्याकडे एखादी नजर वळणारच. तुमच्या पैजेने फाशांना काही होत नाही, ते कावळा बसायला आणि फांदी तुटायला इतकंच. पण हे टेबलाशी समजावत बसू नका. जिंकलात तर गुपचूप चिप उचला. 'येस!' नाही, मूठ हवेत नाही. फासे हवेत असताना 'सेव्हन' हा शब्द तोंडातून काढू नका. क्रॅप्सच्या टेबलाशी तो इतका अशुभ मानतात की त्याला 'बिग रेड' अशी टोपणनावं आहेत. टेबलाच्या टोकाला, डीलरच्या जवळ उभं राहिलं तर जास्त कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

फासे फिरत फिरत तुमच्याकडेही येतील. नको असतील तर हाताने पुढे जाऊ दे अशी खूण करा, कुणी काही म्हणत नाही. टाकायचेच असतील तर डोन्ट पासवर पैज ठेवूनही टाकता येतात, म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध. स्टिकमन साधारण पाच फासे पुढे करतो, त्यातले दोन निवडा, एकाच हाताने उचला आणि समोरच्या भिंतीवर आपटतील असे टाका. ती भिंत रबराच्या टोकदार उंचवट्यांची असते, फासा तिच्यावर आपटला की कुठे वळेल ते कुणालाच ठरवता येत नाही.

किती पैसे, किती वेळ

एका डावाचा निकाल लागायला सरासरी 3.4 फेकी लागतात. तासाला शंभर फेकी धरल्या तर साधारण तीस निकाल, आणि दहा डॉलरच्या नुसत्या डोन्ट पासवर तासाचा सरासरी तोटा 4 डॉलरच्या आसपास. ऐकायला चहापाण्याचा खर्च वाटतो. पण सरासरीभोवतीची वरखाली पन्नास-साठ डॉलरची सहज होते, आणि ऑड्स लावले तर बरीच जास्त. कमीत कमी पैजेच्या वीसपट चिप घ्या, आणि त्या संपल्या की दुसऱ्यांदा खिशात हात घालायचा नाही हे टेबलाशी जाण्याआधी ठरवा. कर्जाऊ किंवा घरखर्चाचे पैसे तिथे नेऊच नका.

सरासरी शूटर साडेआठ फेकींत सेव्हन-आउट होतो. पण सरासरी ती सरासरीच. 23 मे 2009 रोजी अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत पॅट्रिशिया डेमॉरो या बाईंनी 4 तास 18 मिनिटं फासे सोडलेच नाहीत, 154 फेकी केल्या. त्याआधीचा गाजलेला विक्रम स्टॅन्ली फुजिटाके यांचा, 1989 मध्ये लास व्हेगासच्या कॅलिफोर्निया हॉटेलात 118 फेकींचा. अशा रात्री 'आता तरी सात येईलच' म्हणून पैज दुप्पट, चौपट करत नेणाऱ्याच्या लाखाचे बारा हजार होतात. फाशांना मागचं काही आठवत नाही. शंभराव्या फेकीलाही सात येण्याची शक्यता सहातून एकच. एका शूटरने तीनदा पॉइंट पुन्हा टाकून तुम्हाला हरवलं तर पैज वाढवण्याऐवजी त्याच्या हातून फासे जाईपर्यंत बाजूला थांबा. गणिताने त्याची गरज नाही, पण डोकं थंड राहतं.

निघताना

सेव्हन-आउट झाला, तुमच्या चिप आल्या, नवा शूटर फासे निवडतोय. निघायची हीच वेळ. मध्येच निघालात तर चालू डोन्ट पास उचलावी लागते आणि ती उचलायची नाही हे आता तुम्हाला माहीत आहे. खोबणीतल्या सगळ्या चिप कापडावर डीलरपुढे ठेवा आणि 'कलर' म्हणा. तो लहान चिपच्या बदल्यात मोठ्या किमतीच्या थोड्या चिप देईल, बॉक्समन एकदा मोजून बघेल. त्यातली एखादी डीलरांसाठी ठेवा. टेबलाने तुमच्याकडे दुर्लक्ष केलं असलं तरी तुमचे ऑड्स नीट तिरपे ठेवले ते त्यांनीच. उरलेल्या घेऊन कॅशियरच्या खिडकीशी जा.